बाप्तिस्मा आणि त्यानंतर : पंडिता रमाबाईंचा धर्मप्रवास

पंडिता रमाबाईंचे नाव आपण यापूर्वी स्त्रीशिक्षण आणि समाजसुधारणा यांच्या संदर्भात वाचले असेल. ‘स्त्रीधर्मनीति’ व ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथांच्या लेखिका म्हणूनही त्या आपल्या परिचयाच्या आहेत. प्रस्तुत घटकात त्यांचे चरित्र आपण एका वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या समकालीनांनी, आणि पुढे बहुतेक चरित्रकारांनीही, हीच तारीख त्यांच्या धर्मांतराची तारीख मानली. स्वतः रमाबाईंचा हिशेब मात्र निराळा होता. १९०७ साली त्यांनी आपल्या धर्मप्रवासाची साक्ष लिहून छापली. तीत त्यांनी असे नोंदवले आहे की, बाप्तिस्म्यानंतरची पहिली आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ताचा धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. बाप्तिस्मा घेतलेल्या, नियमाने प्रार्थना करणाऱ्या, धर्मासाठी आप्तस्वकीयांचा रोष पत्करलेल्या बाईला स्वतःची श्रद्धा अपुरी का वाटावी? या प्रश्नाचा धागा धरून आपण त्यांच्या आयुष्याकडे पाहू.

वडिलांचा वारसा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये हा संकेत मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि त्यापायी धर्मपंडितांशी वाद ओढवून घेतला. धर्माचरणात मात्र ते अत्यंत कडक होते. अतिथी, याचक, यात्रेकरू यांना कधी विन्मुख पाठवायचे नाही या व्रतापायी घरची मिळकत संपली. मग सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळाच्या आवारात बसून पुराण सांगायचे, श्रोते जे वाहतील त्यावर दिवस काढायचा आणि त्यातूनही दानधर्म करायचा, असा त्यांचा क्रम होता. रमाबाई आईजवळ संस्कृत शिकल्या त्या याच भटकंतीत.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. शास्त्रात सांगितलेले सर्व उपाय या कुटुंबाने केले. उपास, अनुष्ठाने, ब्राह्मणांना दक्षिणा, मूर्तींपुढे दिवसरात्र धरणे. एकही विधी अर्धा सोडला नाही. पैसा संपला, भांडी विकली, शेवटी रानातील पाला खाण्याची वेळ आली. मोलमजुरी करावी तर ती ब्राह्मणाच्या रीतीला धरून नव्हती, भीक मागण्याचीही लाज वाटे. अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला होता, त्यापासून मुलाने त्यांना परावृत्त केले. १८७४ च्या सुमारास आधी ते, मग लक्ष्मीबाई आणि त्यांच्यामागे थोरली मुलगी असे तिघे गेले. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत. रमाबाईंची उंची कमी असल्यामुळे त्यांना तिरडीचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला.

रमाबाईंच्या चरित्राचा विचार करताना हा प्रसंग केवळ करुण म्हणून वाचून पुढे जाऊ नये. धर्म म्हणजे जे सांगितले ते सगळे, मागेपुढे न पाहता करणे, ही समज त्यांना मिशनऱ्यांनी दिलेली नाही. ती वडिलांकडून आली. त्या आणि भाऊ श्रीनिवास पुढे काही वर्षे हजारो मैल पायी फिरले, व्रते पाळत राहिले. हळूहळू त्यांच्या मनात शंका आली. अटी आपण पाळल्या, मग फळ का नाही? श्रद्धा ढळली तीही, आधी ती पूर्ण पाळून पाहिल्यानंतर ढळली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

कलकत्ता ते पुणे

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचण्यास उद्युक्त केले. स्त्रियांसंबंधी व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रे वाचताना रमाबाईंना असे आढळले की, शास्त्रकारांत इतर बाबतींत कितीही मतभेद असले तरी स्त्री व शूद्र यांना मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही यावर बहुतेकांचे एकमत आहे. या वाचनाने त्यांच्या मनातील उरलासुरला आधार गेला.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मणेतर होते. सिल्चर येथील घरी रमाबाईंच्या हाती बंगालीतील लूकच्या शुभवर्तमानाची प्रत आली, आणि एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या धर्माची माहिती त्या घेऊ लागल्या. आपण उघडपणे ख्रिस्ती व्हावे असे त्यांना वाटू लागले तेव्हा पतीला ते रुचले नाही. हा मतभेद मिटण्याआधीच फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी पटकीने गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

त्याच वर्षी पुण्यास येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, हा त्यांच्या साक्षीतील मुद्दा पुष्कळ गाजला. काशीचे पंडित असलेले आणि पुढे ख्रिस्ती झालेले फादर नीलकंठशास्त्री गोरे यांच्याशी त्यांच्या चर्चा झाल्या. ख्रिस्ती मताचा बौद्धिक पाया त्यांना समजला तो मुख्यतः गोरे यांच्यामुळे. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज करून १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. आपण धर्म बदलणार नाही, असे त्या जाताना सांगत होत्या.

वाँटेज : मान्य केले तेवढेच

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. या संस्थेचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक काम होते. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा दिला जाई. अशा स्त्रियांजवळ बसून त्यांची सेवा करणाऱ्या जोगिणी रमाबाईंनी पाहिल्या आणि असे का करता, म्हणून विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. आपण वाचलेल्या कोणत्याही धर्मशास्त्रात अशा स्त्रीशी असे बोलणे आपल्याला आढळले नव्हते, असे रमाबाईंना वाटले. त्यांच्या आधीच्या वाचनाला आणि गोऱ्यांच्या युक्तिवादाला येथे पहिल्यांदा माणसाचा चेहरा मिळाला. वैद्यकीय शिक्षण त्यांच्या कानांच्या दुखण्यामुळे साधले नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली, तो मोठा आघात होता. त्यानंतर थोड्याच काळात माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

यानंतर जे घडले ते जोगिणींना अपेक्षित नव्हते. त्यांच्या समजुतीप्रमाणे बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने चर्चचे मत नम्रपणे स्वीकारायचे असते. रमाबाईंनी प्रश्न विचारायला प्रारंभ केला. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये नेमका कोठे आहे? पंथांपंथांत मतभेद असताना एकाच चर्चचा शब्द अंतिम का मानावा? त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या प्रश्नांनी भरला आहे. आपण एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलो, ते दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांनी त्यांना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची संधी देऊ केली. हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंना संताप आला. गळ्यातील क्रुसावरील लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला. आपल्या देशातील बायकांना लॅटिन कळत नाही, अक्षरे असायचीच तर ती संस्कृतात असावीत, असा त्यांचा आग्रह होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

जेराल्डिनबाईंना हा अहंकार वाटला. अभ्यासकांना तो बहुधा स्वातंत्र्याचा बाणा वाटतो. प्रस्तुत लेखकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. न पटलेल्या गोष्टीला नुसती मान डोलावून चांगली ख्रिस्ती म्हणवून घेणे रमाबाईंना सहज शक्य होते, कारण राहणे, जेवण, शिक्षण सारे त्या संस्थेच्या आधारावर होते. तेवढ्यावर सर्वांचे समाधानही झाले असते. त्यांनी जेवढे पटले तेवढेच मान्य केले आणि उरलेल्याचा शोध चालू ठेवला. बाहेरून हे कमी श्रद्धेचे लक्षण दिसत होते. परंतु ज्यांनी आईवडिलांचा धर्म पूर्ण पाळून मग सोडला, त्यांच्याकडून निराळी अपेक्षा करणे योग्य नव्हते.

उघडे दार

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक तेथे खूप खपले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. शाळा कोणत्याही पंथाची नसेल, ही अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर होते. मुलींच्या जेवणाखाण्याचे, सोवळ्याओवळ्याचे आचार सांभाळले जात. धर्मशिक्षण दिले जात नसे.

सदन पुण्यात आल्यानंतरच्या वर्षी, १८९१ मध्ये, या घटकाच्या आरंभी उल्लेख केलेली घटना घडली. कॉर्नवॉलमधील विल्यम हॅस्लम नावाच्या एका धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र रमाबाईंच्या वाचनात आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे दीक्षित पाद्री होते, चर्च चालवीत होते, प्रवचने देत होते; आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर त्यांना उमगले की, आपण जे सांगतो ते आपल्याला अजून लाभलेले नाही. या पुस्तकाने रमाबाई अस्वस्थ झाल्या. आपण ख्रिस्ती धर्म निवडला तो इतर धर्मांशी तुलना करून, अधिक चांगला म्हणून, हे त्यांच्या ध्यानी आले. ती निवड प्रामाणिक होती, तरी ती निवडच होती. तराजू आपल्या हातात होता. स्वतःला त्या तराजूबाहेर काढून कोणाच्या तरी स्वाधीन करणे राहून गेले होते. त्यांच्या साक्षीचा रोख हा आहे.

या आंतरिक बदलाचे परिणाम लवकरच बाहेर दिसू लागले. रमाबाई पूर्वीप्रमाणे आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले जात नव्हते आणि घालवूनही दिले जात नव्हते. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. सल्लागारांनी दार लावून घेण्यासारखा काही तोडगा सुचवला. तुमचा धर्म तुमच्यापाशी ठेवा, एवढेच त्यांचे मागणे होते. रमाबाईंनी ते नाकारले. इतर घरांतील आई आपल्या मुलींसमोर देवपूजा करते, मग मी माझी प्रार्थना लपवावी का, असा त्यांचा मुद्दा होता. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

विद्यार्थी मित्रहो, या वादात एका बाजूला खलनायक ठरवण्याची घाई करू नये. रानडे यांच्यासारख्या माणसाने रमाबाईंसाठी सनातन्यांचे शिव्याशाप सोसले होते. तटस्थतेच्या आश्वासनावर विश्वास ठेवून त्यांनी पालकांना शब्द दिला होता. विधवा, अल्पवयीन, निराधार मुलींपुढे त्यांची आश्रयदाती प्रार्थना करते तेव्हा उघडे दार हेही आमंत्रणच ठरते, हा आक्षेप हलका नव्हता. दुसरीकडे, जी श्रद्धा खोलीचे दार लावल्यावरच सहन केली जाते ती श्रद्धा नव्हे, हे रमाबाईंचे म्हणणेही त्यांच्या दृष्टीने अपरिहार्य होते. जाता जाता हेही नोंदवले पाहिजे की, सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या आणि पुढे कर्वे यांच्या कार्यात त्यांची आयुष्यभर साथ राहिली.

मुक्ती

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचा रानातील पाला आठवला असल्यास नवल नाही. त्या स्वतः तेथे गेल्या. मदतछावण्यांत मुलींना धान्याच्या मोबदल्यात काय द्यावे लागते ते त्यांनी पाहिले आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी शेतजमीन घेतली होती. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, दुग्धालय, हातमाग, तेलघाणा, छापखाना अशी कामे निघाली. फुलहॅमच्या धर्तीवर टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, आंधळ्या मुलींसाठी वेगळी व्यवस्था झाली आणि त्यांच्या शिक्षणात मनोरमाबाईंनी लक्ष घातले. अमेरिकेतील मदतीची दहा वर्षे संपल्यावर ठरावीक उत्पन्नाची हमी उरली नाही. देणग्या येतील त्यावर, प्रार्थनेवर भिस्त ठेवून, एवढा संसार चालला. अनंतशास्त्रींचा अतिथिधर्म येथे दुसऱ्या नावाने परतला, असे म्हणण्याचा मोह होतो.

मुक्तीत १९०५ साली धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. रात्रंदिवस प्रार्थना, अश्रू, पापकबुली असे तिचे स्वरूप होते. पाश्चात्त्य मिशनांत तिची वर्णने फार झाली. आपल्या दृष्टीने त्यातून निघणारा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वाँटेजमध्ये रमाबाईंना प्रश्न विचारण्याची जी मोकळीक हवी होती, आणि जी त्यांनी भांडून मिळवली, ती मुक्तीतील भुकेने आलेल्या अनाथ मुलींना कितपत लाभली? ज्या हाताने भाकरी दिली त्याच हाताने दिलेला धर्म तपासून पाहण्यासाठी मनाची मोठी ताकद लागते. रमाबाईंच्या जीवाभावाच्या निष्ठेबद्दल शंका घेता येत नाही. परंतु एका व्यक्तीची संपूर्ण निष्ठा तिच्या आश्रितांच्या वाट्याला कोणत्या रूपात येते, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून पुसून टाकणे योग्य नाही. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींनी तो विचारला आहे आणि आपणही अभ्यास करताना तो मनाशी ठेवावा.

बायबलचे भाषांतर

आयुष्याची शेवटची सुमारे सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. मराठीच्या विद्यार्थ्यांना हा भाग विशेष महत्त्वाचा वाटेल. प्रचलित मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर होती. केडगावच्या खेडवळ, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बायकांना ती कळत नसे, हे त्यांना रोज दिसत होते. शिवाय त्यातील अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत आणि त्यामुळे मूळ आशय बदलतो, असेही त्यांचे मत झाले. भाषांतर दुसऱ्या भाषांतरावरून करायचे नाही, असे ठरवून त्यांनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला.

संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या, त्या प्रभुत्वामुळेच ‘सरस्वती’ झालेल्या बाईने आपल्या लेखणीतून संस्कृत शब्द निवडून निवडून दूर करावेत, यात केवढा त्याग होता हे भाषेच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. ‘स्त्रीधर्मनीति’ची मराठी आठवा. ती पंडितांच्या घरची मराठी आहे. वाँटेजमध्ये क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या रमाबाई आता संस्कृतही ओलांडून गेल्या होत्या. कारण मात्र तेच होते : आपल्या देशातील बायकांना कळले पाहिजे.

वाङ्मयीन दृष्टीने हे भाषांतर पूर्ण यशस्वी झाले असे म्हणता येणार नाही. मूळ शब्दाशी इमान राखण्याच्या आग्रहामुळे वाक्यरचना ठिकठिकाणी अवघडते, आणि सोपेपणा व शब्दनिष्ठा या दोन हेतूंची ओढाताण जाणवते. मराठी चर्चमध्ये त्याचा सार्वत्रिक स्वीकारही झाला नाही. बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालू राहिली. तरीही एका स्त्रीने मूळ भाषांतून एकहाती पुरे केलेले मराठी बायबल म्हणून त्याचे स्थान वेगळे आहे. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही कामे मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. ज्यांच्यासाठी ते लिहिले जात होते त्यांच्याच हातांतून त्याचे पान अन् पान जात होते.

कान आता जवळजवळ गेले होते आणि प्रकृतीही खालावली होती. आपल्यामागे मनोरमा मुक्ती सांभाळील, हे त्यांनी धरून चालले होते. २४ जुलै १९२१ रोजी, चाळीस वर्षांची असताना, मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. सबंध बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली.